साइटवर कोण गेलं होतं?

स्क्रीनवर हा जो नकाशा दिसतोय ना, पिवळा, निळा, जांभळा, हा एका शहराचा विकास आराखडा आहे. आराखडा जाहीर झाला की चर्चा होते ती वरच्या सह्यांची. पण यातला एकेक रंग भरायच्या आधी कोणीतरी त्या गल्लीत पायी फिरून आलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते नगररचना खात्यात ज्युनिअर प्लॅनर म्हणून नुकतेच लागलेले मुलगा किंवा मुलगी असतात. आजचा व्हिडिओ त्यांच्या कामावर.

कॉलेजात स्टुडिओमध्ये अख्खी शहरं डिझाइन केलेली असतात, त्यामुळे सरकारी नोकरी लागली की तेच करायला मिळेल असं वाटतं. इथे हातात येतो बेस मॅप, म्हणजे रस्ते आणि प्लॉटच्या हद्दी दाखवणारा कोरा नकाशा, सर्व्हेचा फॉर्म आणि एका वॉर्डाची हद्द. काम काय तर विद्यमान जमीन वापर सर्वेक्षण, ऑफिसात सगळे नुसतं लँड यूज म्हणतात. प्रत्येक प्लॉटसमोर उभं राहायचं आणि आत्ता तिथे खरंच काय चालू आहे ते लिहायचं. राहती घरं पिवळी, कारखाने जांभळे, बागा-मैदानं हिरवी, दुकानं-ऑफिसं भारतात निळी आणि अमेरिकेत लाल.

ऐकायला सोपं आहे. मग एक तीन मजली इमारत समोर येते, खाली गॅरेज, मधल्या मजल्यावर शिलाईचं युनिट, वर कुटुंब राहतंय. आता हिला कुठला रंग द्यायचा? फॉर्ममध्ये मिश्र वापराचा कॉलम असतो, पण मजल्यानुसार लिहायचं तर वर चढावं लागतं, लोकांशी बोलावं लागतं, लोक आधी घाबरतात की हा टॅक्सवाला आला, आणि संध्याकाळपर्यंत सगळा ब्लॉक उरकायचा असतो, म्हणून पिवळा मारून पुढे जायचा मोह होतोच. हा मोह जो टाळतो त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कारण ते युनिट नकाशावर चढलंच नाही तर पुढे तिथे मालाची गाडी उभी राहायला जागा कोणी धरणार नाही, आगीचा बंब वळेल का हे कोणी बघणार नाही, आणि उद्या तो पट्टा निव्वळ रहिवासी ठरला की तिथल्या बायकांचं काम एका फटक्यात नियमबाह्य.

सॅटेलाइट इमेज आणि जीआयएसने, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडणाऱ्या प्रणालीने, काम खूप सोपं केलं हे खरं, पण वरून छप्पर दिसतं, छपराखाली काय चाललंय ते दिसत नाही. आता हा पुढचा प्लॉट बघा. इमेजवर कोरडं माळरान, तिथे घरांसाठी परवानगी मागणाऱ्या अर्जदाराच्या ले-आउटमध्ये, म्हणजे मांडणीच्या नकाशात, नीट चौकोनी प्लॉट पाडलेले. ज्युनिअर प्लॅनर जागेवर जातो तेव्हा त्याला कडेच्या रस्त्याखाली एक जुनी मोरी दिसते. मोरी आहे म्हणजे कधीतरी इथून पाणी जात होतं, नाहीतर कोणी बांधली असती कशाला? मग तो वरच्या बाजूला चालत जातो, उताराच्या खुणा बघतो, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो की पावसात पाणी कुठवर येतं, ऑफिसात येऊन जुना सर्व्हे नकाशा काढतो आणि त्यात ओढा सापडतो. मोरीचा फोटो, जुन्या नकाशाचा तुकडा, आणि ओढ्याची जागा मोकळी ठेवावी असं एक वाक्य, एवढं त्याच्या पाहणी अहवालात गेलं की पुढच्या अधिकाऱ्याला ते डावलायचं तर लेखी कारण द्यावं लागतं. हे एक वाक्य लिहिलं नाही तर पुढे त्या घरांमध्ये पाणी शिरतं.

जागेवर जाऊन बघण्याचा हा आग्रह जुना आहे. पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, स्कॉटलंडचे, आधी सर्वेक्षण आणि मग आराखडा हे त्यांचं सांगणं. १९१४ मध्ये ते भारतात आले, पुढे बऱ्याच शहरांवर अहवाल लिहिले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता फाडत न्यायला त्यांचा विरोध होता, आधी गल्ल्या पायी फिरा, पडीक घरं आणि मोकळ्या जागा शोधा, तेवढ्यातच वाट आणि हवा-उजेड करा, बाकीची माणसं हलवू नका, असं ते मांडायचे.

पण नुसतं जाऊन आलं म्हणजे झालं असंही नाही, काय नजरेने गेला हेही आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले, वस्त्यांना चार दर्जे, सगळ्यात खालचा लाल. फॉर्मवर तिथे कृष्णवर्णीय राहतात का, किती टक्के, हे लिहायची जागाच होती, आणि त्यांच्या वस्त्या बहुतेक लाल झाल्या. फॉर्म भरणाऱ्यांनी घरांची स्थिती पाहिली तशी माणसांची कातडीही पाहिली, आणि दोन्ही एकाच दर्जात मोजली.

नकाशाचं प्रमाणही समजून घ्या. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची रेघ पाच मीटरची झाली, आणि पाच मीटरमध्ये माणसाची अख्खी खोली येते. अठरा मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता १.८ हेक्टर जमीन खातो. ही जमीन कुणाची तरी असते.

म्हणून मला या नोकरीतला सगळ्यात मोलाचा भाग हरकती-सूचनांचा वाटतो. आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांचे अर्ज येतात, हाताने लिहिलेले, कधी रागाने, कधी चार-चार पानी. ज्युनिअरने त्याचा तक्ता करायचा, अर्ज क्रमांक, प्लॉट क्रमांक, आणि थोडक्यात म्हणणं. सगळं त्या "थोडक्यात"मध्ये आहे. सुनावणीला बसलेले लोक दरवेळी मूळ अर्ज उघडत नाहीत, तक्ता वाचतात. अर्जात बाईंनी लिहिलंय की रस्त्याला माझा विरोध नाही, पण वळण तीन मीटर पलीकडे घेतलं तर माझ्या दोन खोल्या वाचतात आणि पलीकडे पडीक जागा आहे. तक्त्यात जर "रस्त्यास विरोध" एवढंच गेलं तर त्या बाईंचा उपाय तिथेच मेला. आणि "वळण तीन मीटर सरकवण्याची विनंती, पलीकडे पडीक जागा, स्थळपाहणी आवश्यक" असं गेलं तर कोणीतरी विचारतं की साइटवर कोण गेलं होतं, आणि मग ते बघितलं जातं.

तेव्हा तुमच्या भागाचा आराखडा जाहीर झाला तर प्रस्तावित नकाशाबरोबर विद्यमान जमीन वापराचाही नकाशा मागून बघा, तुमचं घर, दुकान, ओढा, पायवाट जशी आहे तशी त्यात आली आहे का ते तपासा. हरकत मुदतीच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. प्लॉटचा नंबर लिहा, नकाशाच्या त्या तुकड्यावर खूण करून जोडा, फोटो लावा, आणि काय नको हे लिहिताना त्याऐवजी काय चालेल तेही पहिल्या दोन ओळींतच लिहा, तक्त्यात तेच जातं.