सुक्या वर्षी डोंगरात पाणी कुठे राहतं

(दृश्य : मार्च महिना. देहरी गावाच्या पाठीमागे गोरखगड आणि मच्छिंद्रचा सुळका.)

ठाणे जिल्हा, मुरबाड तालुका. देहरीतून गोरखगड, मग आहुपे घाट चढून पुढे भीमाशंकर. पाठीवर सामान घेऊन दोन-तीन दिवसांची चाल. पाऊस लवकर परतला त्या वर्षी इथले ओढे दिवाळीनंतर आटायला लागतात. नकाशावरच्या निळ्या रेघेवर मग भरवसा ठेवता येत नाही. कडा वाचावा लागतो.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. घट्ट काळा कातळ पाणी पीत नाही, ते भेगांतून खाली उतरतं. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, चिकण मातीचा पट्टा असतो. तिथे पाणी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून पाझरतं. म्हणून झरा बघायचा तो कड्याच्या पायाशी, पदरात म्हणजे कड्याखालच्या सपाट टप्प्यावर, जिथे हा तांबडा पट्टा उघडा पडलेला दिसतो. रान वाळलेलं असताना उंबर-जांभळाचा एखादाच हिरवा पुंजका ही दुरून दिसणारी खूण. पण उंबराची मुळं खोल जातात, तेव्हा नुसत्या हिरव्या पानांवर जाऊ नका. बुंध्याशी माती ओलसर आहे का, शेवाळ किंवा नेचे आहेत का, ते आधी पाहा.

(जवळून : कोरड्या ओढ्यातले हात.)

झिरा, म्हणजे वाळूतलं पाणी झिरपून साठावं म्हणून केलेला खड्डा, खणायचा तो ओढ्याच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला. पावसाळ्यात पाणी तिथे आपटून तळ खोलगट होतो. गोटे बाजूला करा, हातभर खणा. वाळू मुठीत धरली तर गोळा होते? मग अजून वीतभर. पहिलं पाणी गढूळ येतं, ते वाटीने दोन-तीनदा उपसून टाका आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. हातभर खाली गेल्यावरही वाळू भुरभुरीतच असेल तर खणणं सोडा. मिळेल त्याहून जास्त पाणी घामातून जाईल.

गडावरची उघडी तळी उन्हाने आटतात. कातळाच्या पोटात खांब ठेवून कोरलेलं टाकं, म्हणजे खांबटाकं, त्यातलं पाणी सावलीमुळे टिकतं. गोरखगडाच्या गुहेजवळ टाकी आहेत, नाणेघाटात लेण्याजवळही आहेत. पाणी खोल गेलं तरी शेवाळलेल्या कडेवरून वाकू नका. ३० फूट दोरी आणि तोंड कापलेला ५ लिटरचा कॅन जवळ ठेवा. कॅनच्या तोंडाशी एकाच बाजूला मुठीएवढा दगड बांधा. दगड नसेल तर कॅन पाण्यावर तरंगत राहतो आणि रिकामाच वर येतो.

पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्या. क्लोरिनची गोळी वापरत असाल तर अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर गोळीची ताकद मातीवरच खर्च होते. हिरवट-निळी साय धरलेलं पाणी सोडून द्या, ते विष उकळूनही जात नाही.

माणशी दिवसाला ४ लिटर प्यायला, मुक्कामी स्वयंपाकाला आणखी १. पुढचं पाणी खात्रीचं नसेल तर जवळचं निम्मं संपताच मागे फिरा.

वाटेतल्या वाडीत 'पाणी आहे का?' असं विचारलं की पाहुण्याला 'आहे' असंच उत्तर मिळतं. 'मावशी, आज पाणी कुठून आणलंत?' असं विचारा. आजची जागा कळते.

तानसा, भातसा, मोडकसागरचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. विहिरीत रात्रभर झिरपलेलं पाणी वाडीचं आहे. शेवटचा हंडा भरून झाल्यावर, विचारून, लागेल तेवढंच घ्या. काठावर भांडी घासू नका, खरकटं पाणी भेगांतून परत त्याच विहिरीत उतरतं.