आठ महिन्यांचं पाणी

[दृश्य : एप्रिलची दुपार. कालव्याची चारी.]

आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलंय. चारीच्या या अंगाला उसाच्या सऱ्या एकामागोमाग एक भरत चालल्यात. समोरच्या अंगाला ज्वारी काढलेलं रान, त्यात धसकटं तशीच उभी. चारी दोन्ही शेतांना लागून जाते, पाणी मात्र एकाच शेतात वळतं.

कुणाच्या शेतात किती पाणी जावं, हे एरवी कालव्याचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या वहीत ठरतं. पुण्यातल्या एका अर्थतज्ज्ञानं हा हिशेब गरिबीच्या हिशेबाशी जोडला. वि. म. दांडेकर.

[दृश्य : गोखले अर्थशास्त्र संस्था. ग्रंथालयातली जुनी कपाटं.]

1920 साली साताऱ्यात जन्म. पिंड संख्याशास्त्राचा. पुढे गोखले संस्थेचे संचालक. 1971 मध्ये अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी देशातलं दारिद्र्य मोजलं. मोजायचं कसं? माणसाला दिवसाला 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. 1960-61 च्या भावानं खेड्यात हा खर्च माणशी महिन्याला 14-15 रुपये. तेवढेही ज्यांच्याकडे नव्हते असे खेड्यांत सुमारे 40 टक्के निघाले; शहरांत, तिथल्या खर्चाच्या मापानं, 50 टक्के.

जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून हाताला काम द्या, असं दोघांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, 1972 ला, महाराष्ट्रात दुष्काळ पडला आणि खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला गावंच्या गावं कामावर आली. रोजगार हमीचा कायदा 1977 चा.

[दृश्य : धरणाची भिंत. पाणीपातळीची पट्टी.]

तलाव खोदला, धरण बांधलं. पण त्यात साठलेलं पाणी जातं कुठे? 1979 मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं याचं उत्तर मांडलं. समितीत दत्ता देशमुखही होते, म्हणजे नगर जिल्ह्यातले कालवे आणि त्यांवरचं राजकारण पायाखालून गेलेला माणूस. समितीची शिफारस एका ओळीत मावते : कालव्याचं पाणी आठ महिनेच द्या, खरीप आणि रब्बी. उन्हाळ्यात ऊस जगवायचाय, तर तो विहिरीवर जगवा.

यामागचं गणित कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो. मार्च ते जून या दिवसांत त्याला पाणी दिलं, तर निम्मं पाणी ऊनच पितं की काय असं वाटावं. तेवढ्याच पाण्यावर ज्वारीची, गव्हाची कितीतरी जास्त रानं भिजतात. धरण तेवढंच, घरं जास्त.

[दृश्य : साखर कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरांची रांग.]

ऊस नुसतं पीक असता तर हे जमूनही गेलं असतं. इथं उसाच्या मागे कारखाना आहे, कारखान्याच्या मागे बँक, आणि बँकेच्या मागे निवडणूक. सरकारनं आठमाहीचं धोरण पुढे स्वीकारलं म्हणे. कागदावर.

1983 मध्ये विभागीय अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागे राहिला ते, मोजायला सरकारनं पुन्हा दांडेकरांनाच बोलावलं. कोणत्या जिल्ह्यात किती सिंचन, हे नुसत्या हेक्टरांत मोजून भागत नाही. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर ज्वारी सारखं पाणी थोडंच पितात! म्हणून सगळं सिंचन रब्बी ज्वारीच्या मापात आणलं. मला हे माप फार आवडतं. तोलायला तागडीत घातलं काय, तर गरिबाची भाकरी. 1984 च्या त्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे 3187 कोटी रुपये, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचाच.

[दृश्य : पुन्हा तीच चारी. कॅमेरा पाण्यासोबत चालत जातो.]

1 मार्चला उन्हाळी हंगाम लागतो. मग पाणी अर्ज, पाळीच्या तारखा, रात्री जागून पाणी वळवत दारं धरणं. चारीच्या कडेनं चालत गेलं, तर पहिले काही फाटे गळक्या गेटांसकट वाहताना दिसतात. पुढे धार बारीक होते. त्याच्या पुढे चिखल.

टेलच्या, म्हणजे चारीच्या टोकाच्या, शेवटच्या फाट्यात बाभळीचं रोपटं उगवलंय, चांगलं कमरेएवढं.