कोर्टात उभी राहिलेली नासपती

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय व्यंगचित्रांबद्दल, आणि रेडिओवर चित्र काही दाखवता येत नाही. तेव्हा डोळ्यांपुढे एक नासपती आणा. वर निमुळती, खाली फुगलेली, डेखाशी एखादं पान. बाजारात हल्ली 'पेर' म्हणून मिळते, तीच. एवढ्यात खाऊन टाकू नका, पुढे लागणार आहे.

साल १८३१, शहर पॅरिस. आदल्या वर्षीच्या जुलै क्रांतीनं लुई फिलिप गादीवर आला होता. नव्या सनदेत, म्हणजे राज्यघटनेत, चक्क लिहिलं होतं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीच येणार नाही. शार्ल फिलिपाँ तिथं 'ला कारिकात्युर' हे साप्ताहिक काढायचा. त्यात एक चित्र आलं. राजा गवंडी झालाय आणि भिंतीवरच्या क्रांतीच्या खुणा गिलावा मारून बुजवतोय. झालं, खटला!

१४ नोव्हेंबर. फिलिपाँचा बचाव सरळ होता. चित्राखाली राजाचं नाव नाही, अंगावर राजचिन्ह नाही. आहे तो फक्त सारखेपणा. मग सारखेपणालाच शिक्षा द्यायची, तर थांबणार कुठं? असं म्हणून त्यानं चार चेहरे काढून दाखवले. एकेक बघा. पहिला हुबेहूब राजा: भरलेले गाल, दाट कल्ले, डोक्यावर केसांचा झुबका. दुसरा तोच, पण गाल खाली ओघळलेले. तिसऱ्यात हनुवटी गालांत बुडाली, उरले नुसते डोळे, नाक, तोंड. आणि चौथी? चौथी नासपती! झुबक्याच्या जागी डेख नि पानं. दुसरा पहिल्यासारखा, तिसरा दुसऱ्यासारखा, चौथी तिसऱ्यासारखी. मग फळालाही तुरुंगात टाका!

ज्युरीनं काही ऐकलं नाही. सहा महिने कैद, २००० फ्रँक दंड. पण पॅरिसच्या भिंतींवर नासपत्या उगवायला लागल्या. आपण एखाद्याला 'माठ' म्हणतो ना, तसं फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळट.

लक्षात घ्या, चित्रावर नाव नव्हतं. पुन्हा सांगतो, नाव नव्हतं. आजकाल म्हशीच्या पोटावर 'महागाई' आणि रस्त्यातल्या खड्ड्यावर 'भ्रष्टाचार' लिहायची पद्धत आहे. रेघ कच्ची असली की पाटी लागते. वर फिर्यादीला आयता पुरावा. असो.

याच फिलिपाँचं 'ल शारिवारी' हे दैनिक. त्याच्याविरुद्ध निकाल लागला आणि तो छापणं भाग पडलं. फेब्रुवारी १८३४ मध्ये त्यानं तो छापला. फक्त खिळे जुळवताना ओळी अशा लावल्या की वर आखूड, मग रुंद, मग आणखी रुंद, तळाशी गोलाई. निकालपत्राचीच नासपती!

ही चित्रं छापायची शिळाछापावर. दगडावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, दगड ओला ठेवायचा, शाई फक्त तेलकट रेघांना धरते. आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिलं छापील पंचांग काढलं ते याच १८३१ साली आणि याच पद्धतीनं. यात अडचण एकच. लेखाच्या प्रती लोक हातानं उतरवून घेतील. चित्राचा दगड जप्त झाला की संपलं. फिलिपाँसाठी चित्रं काढणाऱ्या ओनोरे दोमिएनं १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रांसनोनँ गल्लीत सैनिकांनी केलेल्या हत्याकांडाचं चित्र काढलं, तेव्हा पोलिसांनी दगडही नेला आणि हाती लागल्या तेवढ्या प्रतीही. हे चित्र निघालं होतं वर्गणीदारांसाठीच्या मालिकेत. दर महिन्याला एक मोठं चित्र द्यायचं आणि त्या वर्गणीतून दंड भरायचे, अशी फिलिपाँची सोय.

जुलै १८३५ मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि सरकारला निमित्त मिळालं. सप्टेंबरात कायदा आला. सनदेतलं वचन? सरकार म्हणालं, वचन मतांपुरतं आहे. शब्द म्हणजे मत, चित्र म्हणजे कृती. म्हणून लेखाला आधी परवानगी नको, चित्राला हवी. नीट ऐका: लेखाला नको, चित्राला हवी. शिवाय पॅरिसच्या दैनिकांनी सरकारकडे ठेवायची अनामत एक लाख फ्रँकवर नेली. 'ला कारिकात्युर' त्याआधीच, ऑगस्टमध्ये बंद पडलं होतं. दोमिएनं राजाला सोडलं आणि भामटे, वकील, घरमालक काढायला घेतले. तीही चित्रं आधी मंजुरीला न्यावी लागायची.