अपील काढून टाकलं, पण निकाल लागलाच नाही

सातारा जिल्ह्यातल्या श्रोत्यांना नमस्कार. जमिनीच्या वाटपाचं दुसरं अपील, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालावरचं अपील, हायकोर्टात वर्षानुवर्षं पडून आहे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. १८ ऑगस्ट २०२५पासून आपल्या जिल्ह्याचं हायकोर्टाचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठाकडे आलं. मुंबईची खेप वाचली, पण तारखेवर लक्ष ठेवणं सुटलेलं नाही.

"अपील फेटाळलं" असं कळलं की घरातली माणसं हाय खातात. आधी आदेश वाचा. पुकारा झाला तेव्हा अपीलदारातर्फे कोणीच हजर नव्हतं म्हणून काढून टाकलं, असं लिहिलं असेल, तर जमीन कोणाची यावर कोर्ट एक अक्षरही बोललेलं नाही. त्याला बोलताही येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ (संहितेतला अपिलांचा भाग), नियम १७ला १९७६च्या दुरुस्तीने तसं स्पष्टीकरणच जोडलं आहे.

मग त्याच भागातल्या नियम १९खाली अपील पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, घेण्याचा अर्ज करायचा. मुदत ३० दिवस, आणि ती अपील काढून टाकल्याच्या तारखेपासून. तुम्हाला कळल्यापासून नव्हे. घात होतो तो इथेच. लोक सहीशिक्क्याच्या नकलेची वाट बघत बसतात. अपिलाच्या मुदतीतून नकलेचे दिवस वजा होतात, या अर्जाच्या मुदतीतून होत नाहीत.

मुदत गेली तर विलंबमाफीचा अर्जही लागतो. त्या दिवशी हजर का नव्हतो, हे एक कारण. अर्जाला उशीर का झाला, हे दुसरं. दोन्ही वेगवेगळी लिहा. नुसतं "आजारी होतो" चालत नाही, दवाखान्यात भरती झाल्याच्या आणि सुट्टी मिळाल्याच्या तारखांचे कागद जोडा. वकील गैरहजर राहिले असतील तर १९८१चा सुप्रीम कोर्टाचा रफीक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल दाखवता येतो: वकिलाच्या चुकीची शिक्षा बिनचूक पक्षकाराला नको.

अपीलदार वारला असेल तर वाट वेगळी. मृत्यूपासून ९० दिवसांत कोर्टात अर्ज करून अपिलात वारसांची नावं लावली नाहीत, तर त्याच्यापुरतं अपील आपोआप संपतं. ते उठवून घ्यायला पुढचे ६० दिवस मिळतात. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणजे कोर्टातही झाली, असं समजू नका.

आणि अपील गेलं की त्यातली स्थगितीही, म्हणजे खालच्या कोर्टाच्या निकालाच्या अंमलबजावणीला दिलेली थांबवणूकही जाते. समोरचा पक्ष दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून बेलीफासह, म्हणजे कोर्टाच्या माणसासह, बांधावर येऊ शकतो. म्हणून अर्ज देतानाच सोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्यायला वकिलांना सांगा.