लक्ष असूनही हात ऐकत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. सात-आठ वर्षांचं मूल डबा खाताना नीट बघा. एका हाताने चपातीचा तुकडा मोडत नाही, दुसरा हात लावावा लागतो. भाजी गणवेशावर. शर्टाची बटणं वर-खाली. घरी, शाळेत एकच बोलणं, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नसण्याची आणि अतिचंचलतेची अडचण असेल, तर डॉक्टरही पुष्कळदा तेवढंच धरून चालतात.

पण एडीएचडीच्या जवळपास निम्म्या मुलांना हालचालींचा मेळ घालण्याचीही अडचण असते. तिला डीसीडी, म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. स्नायूंत ताकद पुरेशी असते, म्हणून नेहमीच्या तपासणीत मूल ‘नॉर्मल’ ठरतं. एडीएचडीच्या प्रश्नावलीत बटणांबद्दल, नाडीबद्दल काहीच विचारलेलं नसतं. त्यात मुंबईतली गर्दीची ओपीडी. मूल खुर्चीतून उठतही नाही आणि तपासणी संपते.

डॉक्टरमंडळींना कळकळीची विनंती, पाच मिनिटं काढा. बूट काढायला लावा आणि परत नाडी बांधायला सांगा. एका पायावर उभं करा. सहा वर्षांचं मूल साधारण १० सेकंद उभं राहतं. अंगठा एकेका बोटाला क्रमाने लावायला सांगा, चेंडू झेलायला द्या, दोन ओळी उतरवून घ्या. नुसतं लक्ष उडणारं मूल सुरुवात चांगली करतं, मग भरकटतं. डीसीडीचं मूल नाडीकडे टक लावून बघतं, जीभ बाहेर येते, खांदे आखडतात, तरी गाठ बसत नाही. हा फरक लक्षपूर्वक बघितला तरच दिसतो.

शंका आली तर पालकांकडून डीसीडीक्यू ही डीसीडीची प्रश्नावली भरून घ्या. ५ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी त्यात १५ प्रश्न आहेत. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. मात्र आधी येत असलेली गोष्ट मूल विसरत असेल, एकच बाजू कमजोर असेल किंवा मांड्यांवर हात टेकत उठत असेल, तर ते डीसीडी समजू नका. न्यूरोलॉजिस्टला लगेच दाखवा.

एडीएचडीच्या गोळीने काहींचं अक्षर सुधारतं, सगळ्यांचं नाही. म्हणून नुसता डोस वाढवत बसू नये. जे जमत नाही, तेच तुकडे पाडून शिकवावं लागतं. काय करायचं ते मुलानेच ठरवायचं, युक्ती सुचवायची, करून बघायचं, कुठे अडलं ते तपासायचं.

आणि पालकहो, डीसीडीलाच बरेचदा डिस्प्रॅक्सिया म्हणतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. परीक्षेतल्या जादा वेळेबद्दल शाळेत विचारायला संकोचू नका.