अडकलेला पैसा : टेनायनोची बँक आणि महामंदीतले रिसीव्हर

मंडळी, अमेरिकेतली महामंदी म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्कचा शेअर बाजार आठवतो. आजचा विषय तिथून फार लांबचा आहे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे (राजधानीचं शहर वेगळं). त्या राज्यात टेनायनो हे गाव. वस्ती हजाराच्या आसपास. वाळूच्या दगडाच्या खाणी आणि लाकूडतोड यांवर पोट. ५ डिसेंबर १९३१ रोजी या गावातली सिटिझन्स बँक ऑफ टेनायनो बंद पडली.

बंद पडली म्हणजे नेमकं काय झालं? ठेवीदारांचे पैसे गेले, असं आपण पटकन म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. त्या दिवशी पैसे गेले नव्हते, ते अडकले होते. किती जाणार हे कळायला अजून काही वर्षं लागणार होती. आज मला बोलायचंय ते या मधल्या वर्षांबद्दल. बुडालेल्या पैशाचा हिशेब इतिहासकार करतात, अडकलेल्या पैशाचा सहसा कुणी करत नाही. छोट्या गावाचा श्वास कोंडला तो या दुसऱ्या प्रकारच्या पैशामुळे, असं माझं मत आहे.

आधी या बँका इतक्या का पडल्या ते थोडक्यात. १९२१च्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ ३०,००० बँका होत्या. तुम्ही बरोबर ऐकलंत, शाखा नव्हेत, स्वतंत्र बँका. बऱ्याच राज्यांत बँकेला शाखा काढायलाच बंदी होती. मोठ्या शहरातल्या सावकारांनी गावचा पैसा ओढून नेऊ नये, ही त्यामागची भावना. भावना समजण्यासारखी आहे, पण परिणाम असा की प्रत्येक बँकेचं नशीब एकाच गावाला बांधलेलं. राष्ट्रीय सनद, म्हणजे केंद्र सरकारचा परवाना, असलेल्या बँकेला तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात २५,००० डॉलर भांडवल पुरे होतं, आणि काही राज्यांच्या कायद्यांत तर १०,००० डॉलरमध्येही काम भागायचं. पहिल्या महायुद्धात धान्याला भाव आला, शेतकऱ्यांनी कर्ज काढून चढ्या दराने जमिनी घेतल्या, आणि १९२०-२१मध्ये भाव कोसळले. म्हणजे महामंदी यायच्या आधीच, १९२०च्या दशकात, ग्रामीण बँका शेकड्यांनी बंद होत होत्या. १९३० ते १९३३ या चार वर्षांत आणखी सुमारे ९,००० बँकांनी व्यवहार थांबवले. शेजारच्या कॅनडात याच काळात एकही बँक बुडाली नाही. मंदी तिथेही तितकीच होती, गव्हाचे भाव तिथेही पडले होते. पण तिथे मोजक्या मोठ्या बँका होत्या आणि त्यांच्या शाखा देशभर होत्या.

टेनायनोची वेळ बघा. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलनाच्या बदल्यात ठरलेल्या दराने सोनं देण्याची पद्धत, सोडला. आता अमेरिकेतूनही सोनं जाणार या भीतीने ऑक्टोबरात तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. त्यामुळे आधीच्या, कमी व्याजाच्या रोख्यांचे भाव घसरले. छोट्या बँकांनी सुरक्षित म्हणून तिजोरीत ठेवलेले रोखे तपासनीस नव्या, पडेल भावाने मोजू लागले. त्या एका ऑक्टोबर महिन्यात देशभरात ५२२ बँका बंद झाल्या. गावोगावच्या राज्य-बँका बहुतेक फेडरल रिझर्व्हच्या सभासद नव्हत्या, त्यामुळे अडचणीत तिथून उसने पैसे मिळायची सोयही नाही.

आता बँक बंद झाली. पुढे कोण येतो? राष्ट्रीय बँक असेल तर राजधानीतून, अशा बँकांवर देखरेख करणाऱ्या चलन नियंत्रकाने नेमलेला रिसीव्हर येतो. राज्याची बँक असेल तर राज्याचं बँकिंग खातं ताबा घेतं. नाव काहीही असो, काम एकच, आणि आपल्याकडच्या सहकारी बँकांचे अवसायक ज्यांनी पाहिलेत त्यांना ते नवीन नाही. दप्तर ताब्यात घ्यायचं. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची की ज्यांचं देणं लागतं त्यांनी पुराव्यासह दावा दाखल करावा. राष्ट्रीय बँकांच्या बाबतीत ही जाहिरात सलग तीन महिने द्यावी लागे. मग कर्जं वसूल करायची, तारणं विकायची, बुडीत कर्जदाराशी तडजोड करायची असेल तर कोर्टाची परवानगी काढायची. जमेल तसे पैसे ठेवीदारांना हप्त्याहप्त्याने, सगळ्यांना सारख्या प्रमाणात वाटायचे. या हप्त्याला तिथे चक्क ‘लाभांश’ म्हणत. स्वतःच्याच ठेवीतले शंभराला दहा डॉलर परत मिळाले की माणसाला लाभांश मिळाला! रिसीव्हरचा पगार, वकिलाची फी, कचेरीचं भाडं हे सगळं बँकेच्याच मालमत्तेतून जायचं. ही नेमणूक राजकीय ओळखीतून होते, म्हणून काम रेंगाळतं, अशी तक्रार तेव्हा सर्रास ऐकू येई. काही ठिकाणी ती खरीही असेल. पण रेंगाळण्याचं मुख्य कारण त्याहून साधं होतं. आज जमीन विकली तर मातीमोल भाव येतो, आणि थांबावं तर ठेवीदार थांबतो. एका गावात एकाच वेळी पन्नास शेतं लिलावात काढली, तर ती घेणार कोण? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचे पैसे याच बँकेत होते.

इथे एक तपशील सांगतो, मला तो फार बोलका वाटतो. समजा, एका दुकानदाराची बँकेत ४०० डॉलरची ठेव आहे आणि त्याच बँकेचं त्याच्यावर १,००० डॉलरचं कर्ज आहे. रिसीव्हर आल्यावर कायद्याने दोन्हीची वजावट होते, आणि त्याला फक्त ६०० डॉलर भरायचे राहतात. म्हणजे त्याच्या ठेवीचे पूर्ण ४०० डॉलर, डॉलरला डॉलर, वसूल झाले. त्याच्या शेजारच्या शिक्षिकेने कधी कर्ज काढलं नाही, महिन्याला थोडे थोडे करून ४०० डॉलर साठवले. तिच्या हातात दाव्याचा कागद. पहिला हप्ता केव्हा येईल सांगता येत नाही. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर वजावट बरोबरच आहे. आपल्याच कर्जदाराची ठेव अडकवून त्याच्याकडून पूर्ण कर्ज वसूल करणं अन्यायाचं झालं असतं. पण गावात लोक एकमेकांची खाती ओळखून असतात. ऋण काढून सण करणारा सुटला आणि पोटाला चिमटा घेणारी अडकली, हे चित्र कुणाच्या डोळ्यांतून सुटलं नसेल.

आणि भागधारक? त्यांचं दुखणं आणखी वेगळं. आज कंपनी बुडाली तर शेअरची किंमत शून्य होते, आणि तिथे तुमचं नुकसान संपतं. तेव्हा राष्ट्रीय बँकांत, आणि बहुतेक राज्यांच्या बँकांतही, दुहेरी जबाबदारी होती. तुमच्याकडे शंभर डॉलर दर्शनी किमतीचे दहा शेअर असतील, तर ते हजार डॉलर गेलेच, वर आणखी हजार डॉलरपर्यंत रिसीव्हर तुमच्याकडून मागू शकतो. मागतोच. गावचा डॉक्टर, किराणावाला, नवऱ्याच्या मागे शेअर नावावर आलेली एखादी विधवा, सगळ्यांना नोटीस. चांगल्या काळात हा नियम उत्तम होता. मालकाच्या घरादारावर बेतेल म्हटल्यावर मालक जपून वागतो. पण संपूर्ण गावच कर्जात असेल तेव्हा अशी वसुली करायला जाणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणं. राष्ट्रीय बँकांच्या बाबतीत अशा आकारणीपैकी साधारण निम्मीच रक्कम हाती येई.

एकूण किती मिळायचं? १९२१ ते १९३० या दशकात शेकडो राष्ट्रीय बँका रिसीव्हरच्या हाती गेल्या. त्यांच्या ठेवीदारांना सरासरी ५८ टक्के रक्कम परत मिळाली. आणि कामकाज संपायला सरासरी सहा वर्षं लागली. निदान एका बँकेच्या बाबतीत तर २१. शंभरातले ५८ हा आकडा वाईट आहे, पण माणूस तो पचवतो. सहा वर्षं कशी पचवायची? मुंबईत सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांसाठी काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये. बँकेच्या दारात उभे असलेले लोक तेव्हा मला शेवटी किती टक्के मिळणार, हे विचारत नव्हते. पुढच्या महिन्याची फी, औषधं, घरभाडं, हेच प्रश्न होते.

टेनायनोने याच प्रश्नावर एक उपाय काढला आणि त्यासाठीच ते गाव आज ओळखलं जातं. बँक बंद झाल्यावर गावात सुटे पैसेच उरले नाहीत. तेव्हा तिथल्या व्यापारी मंडळाने ठरवलं की ठेवीदाराने आपल्या अडकलेल्या ठेवीच्या जास्तीत जास्त २५ टक्के भागावरचा हक्क मंडळाच्या नावे लिहून द्यावा, आणि मंडळ त्याला तेवढ्या किमतीच्या चिठ्ठ्या देईल. बँकेचा हप्ता आला की मंडळाने तो घ्यायचा आणि चिठ्ठ्या परत घ्यायच्या. तोवर गावातल्या दुकानांत या चिठ्ठ्या चालायच्या. पहिल्या चिठ्ठ्या कागदाच्या होत्या. मग गावचं वर्तमानपत्र चालवणारे डॉन मेजर यांनी स्प्रूसच्या लाकडाच्या, कागदासारख्या पातळ कापांवर त्या छापल्या. लाकडी पैसा म्हणून बातम्या झाल्या, देशभरच्या संग्राहकांच्या त्यावर उड्या पडल्या, आणि छापलेल्यांपैकी फारच थोड्या चिठ्ठ्या परत आल्या. लोक गंमत म्हणून लाकडाचीच गोष्ट सांगतात. मला त्यातली आर्थिक अक्कल जास्त आवडते. त्यांनी बुडालेलं काही वाचवलं नाही. सहा वर्षांनी मिळू शकणाऱ्या पैशाचा एक तुकडा त्यांनी आजच्या किराण्यात वापरता येईल असा केला. आणि तोही चौथा हिस्सा धरून, म्हणजे वसुली वाईट झाली तरी चिठ्ठीला आधार राहावा इतका हात राखून. २०२०मध्ये कोविडच्या काळात या गावाने त्याच जुन्या छापखान्यावर पुन्हा लाकडी चिठ्ठ्या छापल्या.

मघाशी पहिल्या रांगेतून एकांनी विचारलं, ठेवींचा विमा नव्हता का? होता, आणि हे गमतीचं आहे, वॉशिंग्टन राज्यातच होता. १९०७ ते १९१७ या काळात आठ राज्यांनी ठेव-हमी निधी काढले होते, त्यात वॉशिंग्टनचा १९१७चा. १९२१ साली सिअ‍ॅटलची स्कँडिनेव्हियन अमेरिकन बँक बुडाली आणि त्या एका बँकेपुढे निधी संपला. १९३०पर्यंत आठही योजना गुंडाळल्या गेल्या होत्या. एकाच राज्यातल्या, एकाच पिकावर किंवा एकाच धंद्यावर जगणाऱ्या बँकांनी एकमेकांचा विमा उतरवला, तर सगळे एकदमच दावा करणार, दुसरं काय होणार?

देशव्यापी विमा आला तो १९३३च्या कायद्याने, १ जानेवारी १९३४पासून, सुरुवातीला २,५०० डॉलरपर्यंत. विमा असलेली पहिली बँक बुडाली इलिनॉयमधल्या ईस्ट पिओरिया गावात, २८ मे १९३४ रोजी. तिथल्या ठेवीदारांना पैसे मिळायला ३ जुलैला सुरुवात झाली. सहा वर्षांच्या जागी पाच आठवडे. माझ्या मते या विम्याचा खरा शोध हाच, रक्कम दुय्यम. आपल्याकडे ठेव विमा १९६२पासून आहे, पण बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे ही तरतूद यायला २०२१ उजाडलं.

आधीच बंद पडलेल्या बँकांना नवा विमा लागू नव्हता. त्यांच्यासाठी सरकारने दुसरी वाट काढली. ऑक्टोबर १९३३मध्ये एक मंडळ नेमलं, आणि सरकारी वित्त महामंडळाने रिसीव्हरांना बँकांच्या अडकलेल्या मालमत्तेवर कर्ज द्यायचं, म्हणजे त्यांना ठेवीदारांना हप्ता लवकर वाटता येईल, असं ठरलं. वाद फक्त मूल्यांकनाचा होता. शेताची किंमत आजच्या लिलावातली धरायची, की सावकाश विकलं तर पुढे येईल ती? मंडळाने दुसरी धरली. टेनायनोच्या व्यापाऱ्यांनी दोन वर्षं आधी चिठ्ठ्या काढताना असाच हिशेब केला होता, आणि त्यांच्या हाताशी तर सरकारी तिजोरीही नव्हती.