उंबऱ्यावरचा कारखाना

नमस्कार श्रोतेहो.

मला दिलेला विषय आहे ‘स्त्रीवादी राजकीय विचार आणि आपले सामाजिक प्रश्न’. एवढं ऐकून कुणी रेडिओचं बटण फिरवलं असेल, तर माझा राग नाही. तीस वर्षं मी राज्यशास्त्र शिकवलं. ‘खासगी क्षेत्र’ आणि ‘सार्वजनिक क्षेत्र’ हे शब्द फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरची पोरं खिडकीबाहेर बघायला लागायची. मग मी खडू ठेवायचो आणि अक्काची गोष्ट सांगायचो. आजही तेच करणार आहे. विचार त्यातनंच येईल, आला तर.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी सातवी-आठवीत असेन. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. दिवसभर मागांचा खडखडाट. तो थांबला की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. गल्लीत घरोघरी तेलुगू बोलायचे, आणि मला मराठी शुद्ध लिहिता येतं म्हणून गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याकडं यायचे. रेशनचे, शाळेचे, रॉकेलचे. एका फॉर्मला एक लिमलेटची गोळी.

समोरच्या घरात अक्का. नवरा मागावर, तीन मुलं, सासू. अक्का विड्या वळायची. सोलापुरात विडी म्हणजे काय हे सांगायला नको, पण आमचा आवाज बाहेरगावीही जातो म्हणून सांगतो. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान घ्यायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा, तोंड मुडपायचं, पुढची. पंचवीस विड्यांचं एक बंडल, चाळीस बंडलं म्हणजे हजार. आणि मजुरी हजारावर. लक्षात ठेवा, मजुरी तासावर नाही, हजारावर.

तयार माल घेऊन ती कारखान्यात जायची. आम्ही सगळे ‘कारखाना’च म्हणायचो. पण श्रोतेहो, त्या कारखान्यात विडी वळताना मी कुणालाच पाहिलं नाही. तिथं फक्त पान-तंबाखू द्यायचे, विड्या मोजून घ्यायचे आणि छाट काढायचे. छाट म्हणजे नापास विडी. तिची मजुरी नाही, आणि ती विडी परतही नाही. पान कमी पडलं तर पदरचे पैसे घालून आणायचं. म्हणजे बघा, जिथं विडी होत नव्हती त्या जागेला नाव कारखाना, आणि जिथं होत होती तिला नाव घर.

एक दिवस अक्का विडी कामगाराच्या ओळखपत्राचा फॉर्म घेऊन आली. ओळखपत्र मिळालं तर दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती असं काहीबाही मिळणार होतं. मी ऐटीत लिहायला बसलो. नाव, वय, नवऱ्याचं नाव. मग आला रकाना, ‘कामाचे ठिकाण’.

“अक्का, काम कुठं करतीस?”

“दिसतंय की तुला.”

“दिसतंय गं, पण फॉर्मात काय लिहू?”

“उंबऱ्यावर लिव.”

आणि खरंच, ती उंबऱ्यावर बसायची. आत अंधार, दिवसा बल्ब लावला तर सासू बिलाचं बोलायची. बाहेर ओट्यावर बसलं तर वाऱ्यानं तंबाखू उडायची, आणि सासऱ्याच्या ओळखीचे लोक येता-जाता बघायचे. उंबऱ्यावर उजेडही मिळायचा आणि चुलीवरचं कालवणही दिसायचं. गल्लीत खेळणारं धाकटं पोर नजरेच्या टप्प्यात राहायचं. एक पाय आत, एक बाहेर. मी आपलं इमानदारीत लिहिलं, कामाचे ठिकाण : उंबरा.

फॉर्म परत आला. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, इमारत अजून उभी आहे. साहेबांनी म्हणे लाल पेनानं गोल केला आणि अक्काला विचारलं, “उंबरा हा काय पत्ता झाला? कारखान्याचं नाव लिहा, नाहीतर घर लिहा. घर लिहिलं तर मग तुम्ही गृहिणी.”

दुसऱ्या वेळी अक्का मला घेऊन गेली. शाळा बुडाली म्हणून मी खूश. तिनं बरोबर काय घेतलं असेल? सूप. भिजवलेली पानं, तंबाखूचा डबा, दोरा, सगळं. कारण उघड होतं. रांगेत अर्धा दिवस गेला तर त्या दिवसाचे हजार कोण पुरे करणार? मोर्चा-बिर्चा काढायचं तिच्या मनातही नव्हतं. पुढं कॉलेजात ही गोष्ट सांगताना मी तिला फार क्रांतिकारक करून टाकायचो, ते खरं नाही. तिला फक्त हजार पुरे करायचे होते.

रांग लांब, आत गर्दी, आणि आतला उजेड आमच्या घरांपेक्षाही वाईट. अक्कानं इकडं-तिकडं बघितलं आणि सवयीनं कार्यालयाच्या दारात, उंबऱ्यावर बैठक मारली. मांडीवर सूप. सुरू! पान, चिमूट, वळ, दोरा. येणारे-जाणारे ओलांडून जायला लागले. शिपाई आला, “बाई, उठा, हे ऑफिस आहे.” अक्का म्हणाली, “असू दे की, मी काय ऑफिसाला अडवलंय?” दोन बायका हसल्या. तिसरी तिच्याजवळ टेकली आणि पानं कापायला लागली. तिचाही नंबर मागंच होता. तासाभरात तिथं चौघी झाल्या. तंबाखूचा असा वास सुटला की आतले एक साहेब शिंकत बाहेर आले. तेच, लाल पेनवाले.

“इथं काय कारखाना मांडलाय?” साहेब ओरडले.

अक्का वर न बघता म्हणाली, “तेवढंच लिवा फॉर्मात.”

माझी बहीण म्हणते अक्का असं बोललीच नाही. ती तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि मी ते मराठीत आणताना मीठमसाला लावला. बहीण असंही म्हणते की सूप नेलंच नव्हतं, नुसती पिशवी होती. पण बहीण तिथं नव्हती, मी होतो! ओळखपत्र मिळालं, चारेक महिन्यांनी. त्यावर साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : राहते घर. अक्कानं माझ्याकडून वाचून घेतलं, म्हणाली, “म्हणजे उंबरा धरून ना?” मी म्हटलं, “धरून.”

आता थोडं शास्त्र. थोडंच, काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत.

युरोपच्या राजकीय विचारात ॲरिस्टॉटलपासून एक भिंत चालत आली. भिंतीच्या आत घर : तिथं बाई, मुलं, गुलाम, रांधणं-वाढणं. बाहेर नगर : तिथं स्वतंत्र नागरिक, म्हणजे पुरुष, जमणार आणि न्याय-अन्यायाचं बोलणार. बाहेरचं ते राजकारण, म्हणजे माझ्या फळ्यावरचं ‘सार्वजनिक’; आतलं ते घरगुती, म्हणजे ‘खासगी’. आपल्या शहराचंच बघा. १९३० च्या मार्शल लॉबद्दल आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांबद्दल सोलापूरचं शाळकरी पोरही सांगेल, आणि सांगायलाच पाहिजे. गिरणीतला संप राजकारण, हे आपण मानलं. गिरणीला भोंगा होता. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की काम संपलं. उंबऱ्याला भोंगा कुठला?

स्त्रीवादी विचारानं बोट ठेवलं ते या भिंतीवर. १९७० च्या सुमाराला अमेरिकेतल्या बायका म्हणायला लागल्या, जे व्यक्तिगत ते राजकीय. पुन्हा सांगतो, जे व्यक्तिगत ते राजकीय. याचा अर्थ घरातलं भांडण चव्हाट्यावर आणा असा नाही. घरात कोण किती राबतं, कुणाच्या हातात पैसा राहतो, कोण कुणावर हात उचलतं, हे नशिबानं ठरत नाही. कायद्यानं, बाजारानं, रीतीनं ठरतं. आणि जे माणसांनी ठरवलं ते माणसांना बदलता येतं.

हे अमेरिकेतनंच आलं असं कुणी म्हणालं तर त्याला बुलढाण्याला पाठवा. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला पोटच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढं सौम्य झाली. वर्तमानपत्रं त्या बाईवर आणि एकूण बायकांवर तुटून पडली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्यांचा रोख असा, की विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही, फसवणारे पुरुष मोकळे, आणि दोष तेवढा बाईचा. माझ्या भाषेत सांगायचं तर, बाई सोसत असते तोवर ती घरातली गोष्ट. तिला शिक्षा करायची वेळ आली की सरकार, कोर्ट, छापखाना, सगळे घरात शिरतात.

मारिया मीस नावाच्या एक जर्मन समाजशास्त्रज्ञ होत्या. साठच्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवायच्या. पुढं त्यांनी आंध्रात नरसापूरला लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. लेस परदेशी जायची, बायका तासन्‌तास विणायच्या, आणि व्यापारी म्हणायचे, या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. मीसबाईंचं म्हणणं, ‘गृहिणी’ हे लेबल लावलं म्हणूनच तर मजुरी इतकी कमी देता येते. वाचताना मला लाल पेनवाले साहेबच दिसत होते.

कायदा मात्र त्या साहेबांपेक्षा शहाणा होता. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात कामगाराच्या व्याख्येतच घरी माल नेऊन विडी करणारा आला. मालक मंडळी कोर्टात गेली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. म्हणजे अक्का फॉर्म भरत होती तेव्हा ती कायद्यानं कामगार होतीच. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आकडे एकदाच सांगतो. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला. पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांची ९७ मिनिटं. तीही जे करतात त्यांची, आणि करणारे पुरुष शंभरात सव्वीस. आता इथं मी कबुली देतो. शेंगाची चटणी उखळातच कुटलेली पाहिजे, मिक्सरातली चटणी ही चटणीच नव्हे, असं मी आयुष्यभर छातीठोक सांगत आलो. निवृत्तीनंतर एकदा स्वतः कुटली. हल्ली आमच्याकडं मिक्सरातली चटणी असते आणि ती चांगली लागते. कडक भाकरीचंही तेच. परगावचे लोक पाकिटं भरून नेतात, कौतुक करतात, पण तव्यापुढं कोण उभी होती ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. असो. आणि हो, विडी ओढू नका. ओढणाऱ्याला वाईट आणि वळणारीच्याही छातीत ती धूळ जाते. पण विडी बंद करा म्हणणाऱ्यांनी, संध्याकाळी त्या घरात काय शिजेल, हेही त्याच दमात सांगावं.

सोलापूरनं एक गोष्ट मात्र करून दाखवली. शहराजवळच्या कुंभारीला महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरं उभी राहिली. कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, २००६ मध्ये पंतप्रधान येऊन गेले. वसाहतीला नाव वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचं. घर हीच कामाची जागा असेल, तर घर मागणं ही कामगाराची मागणी झाली. घर आणि नगर यांच्यातल्या त्या भिंतीचं काय झालं मग? मला तरी तिथं ती सापडत नाही.

गेल्या आठवड्यात अक्काला भेटलो. पंचाहत्तरी ओलांडली, बोटं वाकडी झालीत, विडी सुटली, पण सुनेची पानं अजून कापून देते. म्हटलं, “अक्का, रेडिओवर तुझी गोष्ट सांगणार आहे.” तिनं विचारलं, “पैसे देतात का रे?”

“देतात की थोडे.”

“हजाराला किती?”

म्हटलं, “हजारावर नसतं गं, एका भाषणाचे मिळतात. हजार-चौदाशे शब्द असतील.”

अक्का जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आणि छाट किती काढतात?”